खारपाणपट्ट्यात प्रेशर वॉशर : नऊ महिन्यांचा वापर आणि एका जोडाची कटकट

हा अनुभव प्रेशर वॉशरचा, म्हणजे जोराच्या फवाऱ्याने धुणाऱ्या मशीनचा आहे, पण निम्म्याहून जास्त त्याच्या एका जोडाचा आहे. नळीतून मशीनमध्ये पाणी जिथून शिरतं तिथे पाऊण इंची काळा प्लास्टिकचा जोड असतो ना, तोच. बार, वॅट, अमुक मीटरची नळी हे सगळं खोक्यावर छापलेलं असतं आणि घेणाऱ्याचं पाठ असतं, ते परत लिहीत नाही. माझं १८०० वॅटचं आहे, फेब्रुवारीत ७,८०० ला घेतलं. कंपनीचं नाव सांगणार नाही, कारण दुसऱ्या दोन कंपन्यांची मशीनं उघडून पाहिली, त्यांतही हाच जोड निघाला.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, म्हणजे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. बोअर मारा, पाणी लागतं, पण जनावरं तोंड लावून मान फिरवतात. पिण्याचं पाणी शहानूर धरणावरच्या योजनेचं. नळ चार-पाच दिवसांनी येतो, कधी आठवडा जातो. अशा गावात पाण्यावर चालणारं मशीन घ्यायचं म्हटल्यावर आई म्हणाली, "बैताड झाला काय रे? प्याले पानी नाई अन् हा भिंतीले आंघोळ घालते."

घेतलं ते कूलरसाठी. विदर्भाबाहेरच्या वाचकांना हे कळणार नाही. आमच्याकडे कूलर सुरू करणं हे वर्षाचं एक मोठं काम असतं. होळी झाली की कूलर छपरीतून काढायचा, बाजूच्या जाळीच्या ताट्या खोलायच्या, जुना भुसा फेकायचा आणि मग टाकीच्या तळाशी बसलेला क्षार छन्नी-हातोडीने फोडायचा. आमच्या पाण्याचा क्षार बोटभर जाड बसतो, पांढरा, वरून खडबडीत आणि आतून दगड. दोन कूलर, दोन रविवार, आणि एखादं भोक पत्र्याला. ते भोक एमसीलने बुजवायचं, वरून डांबर फिरवायचं. हे दोन रविवार वाचतील म्हणून ७,८०० मोजले.

वाचले नाहीत. पहिल्याच दिवशी अर्धा तास टाकीत फवारा मारला. शेवाळ गेलं, चिखल गेला, ताट्यांच्या जाळीत अडकलेला भुसा उडून कंपाउंडवर जाऊन बसला, क्षार मात्र जागचा हलला नाही. उलट धुतल्यावर जास्तच पांढराशुभ्र दिसायला लागला. आई फडा घेऊन बाजूलाच उभी होती. म्हणाली, "पान्यानं क्षार निघत असता त तो पान्यात बसला असता काऊन?"

बरोबर होतं तिचं. आमच्या पाण्यात मीठही आहे, पण मीठ असतं तर पाण्यात विरघळलं असतं. तळाला दगडासारखा जो बसतो तो मुख्यतः चुन्याचा क्षार, कॅल्शियम कार्बोनेट. त्याला जोर नाही, आम्ल लागतं. किराणा दुकानातून लिंबूसत्व आणलं, दहा लिटर पाण्याला शंभर ग्रॅम, आणि टाकीत ओतलं. लगेच बारीक फेस यायला लागला. दोन तासांनी क्षार मऊ पडला, खालून फुगून सुटला, आणि मग मशीन मारलं तर चपातीएवढे पापुद्रे उडाले. पहिला कूलर वीस मिनिटांत साफ. मी इतका खूश झालो की दुसऱ्या कूलरमध्ये तेच पाणी रात्रभर ठेवलं. सकाळी क्षार गेलाच होता, पण पत्र्यावरचं जस्तही गेलं होतं. पत्रा काळपट पडला, महिन्याभरात तांबेरा आला, आणि डांबराचे दोन हात द्यावे लागले. तर दोन तास म्हणजे दोनच तास.

तेव्हा या मशीनला मी पाचापैकी दोन गुण देणार होतो. लिहायला बसलोही होतो, पण लाइट गेली.

लाइटचं पण सांगतो. एप्रिलमध्ये संध्याकाळी गावातले सगळे कूलर एकदम सुरू होतात तेव्हा आमच्याकडे व्होल्टेज १८० च्या खाली जातं. मशीन नुसतं गुरगुरतं, फवारा वाकडा पडतो. सकाळी सहा ते आठ चालवा. आणि १८०० वॅट म्हणजे जवळपास आठ अँपिअर, त्याला टीव्हीच्या बोर्डातून लग्नाच्या मांडवातली बारीक वायर जोडू नका. मी जोडली होती. वायर हाताला चटका देईल इतकी तापली, प्लग पिवळा पडला. सोळा अँपिअरचा सॉकेट आणि अडीच एमएमची वायर घेतली, त्याचे आणखी ९५० गेले. ते खोक्यावर लिहिलेलं नसतं.

मे महिन्यात मत बदललं. पाण्याची काळी टाकी आतून धुतली, हजार लिटरची. दरवर्षी मी त्यात उतरून नारळाच्या काथ्याने घासतो आणि दोन दिवस पाठ धरून बसतो. यावेळी बाहेरूनच वाकून नळी आत सोडली, दहा मिनिटांत तळाचा गाळ सुटला, बकेटीने उपसला. खिडक्यांच्या मच्छरदाणी जाळ्या, ज्यांच्यात कापसाचे तंतू आणि धूळ मिळून नमद्यासारखा थर बसतो, त्या अंगणात टेकवून ठेवल्या आणि दोन फेऱ्यांत पलीकडचं झाड दिसायला लागलं. गव्हाच्या पत्र्याच्या कोठ्या धुतल्या. कोठी धुतल्यावर दोन दिवस कडक उन्हात उघडी ठेवा, मगच गहू भरा, नाहीतर सोंडे पडतील आणि दोष मशीनला जाईल.

आता धाब्याचं. आमचं अर्धं घर स्लॅबचं आणि जुनं अर्धं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं. धाब्यावर दर उन्हाळ्यात गढीवरची पांढरी माती आणून पसरतात, दाबतात, उतार नीट करतात, मग पावसाचं पाणी झिरपत नाही. पन्हाळात कबुतरांनी घरटं केलं होतं. म्हटलं, फवाऱ्याने काढू. फवारा पन्हाळातून सरकून मातीवर गेला आणि क्षणात हात जाईल एवढा खड्डा. आबांनी खाली छपरीत बसल्याबसल्या आवाजावरूनच ओळखलं. "माती उतरली ना?" एवढंच म्हणाले. तीन टोपली माती परत डोक्यावरून चढवली, मी एकट्याने. मृगाचा पहिला पाऊस आला तेव्हा रात्रभर त्या जागेखाली गंज, म्हणजे मोठं पातेलं, ठेवून बसलो होतो. गळलं नाही. पण मातीच्या कामाला हे मशीन नाही, शेणाने सारवलेल्या अंगणालाही नाही.

पोळ्याला शेजारचे भाऊ बैल घेऊन आले, "जरा मारून दे यायच्यावर." नाही दिलं. ज्या फवाऱ्याने ट्रॉलीचा रंग सुटतो तो बैलाच्या कातडीवर मारायचा नसतो. भाऊ दोन दिवस बोलले नाहीत.

आता जोड.

पोळा झाला, महालक्ष्म्या आठ दिवसांवर. आमच्याकडे अडीच दिवसांच्या महालक्ष्म्या म्हणजे घराचा कोपरान्‌कोपरा निघतो, दिवाळीपेक्षा जास्त. माजघराच्या फरशा धुवायला काढल्या आणि मशीन धापा टाकायला लागलं. फवारा एकदा जोरात, एकदा मंद, परत जोरात. पंपातून खडखड आवाज, जणू आत कोणी खडे घातले. बंद करून पाहिलं तर त्या काळ्या जोडाला केसाएवढी चीर. तिथून पाणी टपकत होतं आणि मशीन सुरू झालं की तिथूनच हवा आत ओढली जात होती.

चीर का गेली यावर मी फार विचार केला आहे. घरच्यांच्या मते नको इतका. आमची टाकी चौदा फुटांवर. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब, म्हणजे माझ्या नळीत अर्धा बारही नाही. एवढ्या कमी दाबाने पाणी येतं तेव्हा पंप ओढून घेतो, नळी आत चिमटते, आणि सगळा ताण जोडावर. त्यात नळी ताठ, उन्हात ठेवलेली. प्लास्टिक उन्हाने कडक होऊन तडकतं हे शेतात ठिबकच्या नळ्या वापरणाऱ्याला सांगायला नको. ७,८०० च्या मशीनला ९० रुपयांचा पितळी जोड द्यायला काय जात होतं?

वॉरंटी एक वर्षाची. सर्व्हिस सेंटर अकोल्याला. फोनवर म्हणाले फोटो पाठवा. पाठवला. म्हणाले व्हिडिओ पाठवा. पाठवला. मग तिसऱ्या दिवशी, "सर, पाणी कोणतं वापरता?" मी खरं ते सांगितलं, योजनेचं वापरतो, एकदा बोअरचं वापरलं होतं. तेवढं एक वाक्य त्यांनी पकडलं. खारं पाणी, सबब वॉरंटी नाही. मी विचारलं, खाऱ्या पाण्याने प्लास्टिक कसं तडकेल? क्षाराने जाळी बुजेल, नोझल बुजेल, वाल्व्ह अडकेल, पण चीर? ते म्हणाले पॉलिसी आहे. जोड सुटा मिळेल का? नाही, पंपाच्या पुढच्या भागासकट येतो, २,६५०, आणि महालक्ष्म्यांनंतर. मशीन तुम्ही आणून द्यायचं. दर्यापूरहून एसटीने अकोला, मांडीवर मशीन घेऊन. मी फोन ठेवला, आणि ठेवण्याआधी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बायकोनेच सुचवलं. "फवारणीच्या पंपाले बी असाच जोड असते ना?" असतो! दर्यापुरात एचटीपी पंपांच्या, म्हणजे जास्त दाबाच्या फवारणी पंपांच्या, दुकानात गेलो, फुटका जोड काउंटरवर ठेवला. दुकानदाराने बोटाने आटे चाचपले, खालच्या खणातून पितळी निपल काढला आणि म्हणाला, "पाऊण इंच. हाच बसन." निपल ९०, वायसर ५, टेफ्लॉन टेप १०, क्लॅम्प १५. एकूण १२०. घरी येऊन टेप गुंडाळला, हाताने आवळला, पान्याने अर्धा आटा. मशीन सुरू केलं, खडखड गेली. वॉरंटीही गेली, पण ती कुठे होती?

यावर कोणी म्हणेल, एचटीपी घरातच असेल तर त्यानेच घर का नाही धुतलं? दाब पुरतो, खरं आहे, गावात दोघेतिघे धुतात. मी धूत नाही. त्या पंपातून, त्याच्या नळ्यांतून वर्षभर औषध गेलेलं असतं. २०१७ ला आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली. त्यानंतर आबांनी फवारणीचा पंप, बकेटी, नळ्या सगळं शेतातल्या खोलीत हलवलं, घराच्या उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. पिण्याच्या पाण्याच्या टाकीत तर नाहीच नाही.

पाण्याचा हिशोब आईने मागितला होता, तो बकेट घेऊन केला. साध्या नळीने पंधरा लिटरची बकेट सव्वा मिनिटात भरते, म्हणजे मिनिटाला बारा लिटर. मशीन मिनिटाला साडेसहा. निम्मं. आईला आकडा सांगितला. ती म्हणाली, "निम्मं लागते, पन तू दुप्पट टाइम मारत रायते." हेही खरंच आहे, एकदा हातात घेतलं की शेजाऱ्याच्या कंपाउंडपर्यंत जातो माणूस. आता दोनशे लिटरचा ड्रम भरून ठेवतो, तोंडाला जुनं धोतर बांधून गाळतो, ड्रम संपला की काम संपलं. मशीन ठेवताना आतलं पाणी पूर्ण काढून टाकतो. बोअरचं पाणी परत लावलं नाही. त्या एका दिवसाने नोझलच्या भोकात पांढरा दाणा बसला होता, तो सुईने काढावा लागला.

दिवाळीला काढलं तेव्हा स्लॅबच्या बाजूच्या भिंती, फाटक, मोटरसायकल, ट्रॉली सगळं झालं. जुन्या बाजूला नेहमीसारखा चुन्याचा पोतारा, तिथे मशीनचं काम नाही. घ्यावं का, असं कोणी विचारलं तर विचारतो, टाकी किती उंचावर आहे, नळ किती दिवसांनी येतो, आणि फवारणी पंपांचं दुकान जवळ आहे का. पाचापैकी साडेतीन. पितळी जोड कारखान्यातूनच आला असता तर चार दिले असते.

परवा अकोल्याहून फोन आला. तुमचा जोड आला आहे, आता सुटा मिळतो, २६०, घेऊन जा. मी म्हटलं, नको, लावला आम्ही. आई आतून ओरडली, "नाई काऊन म्हन्तं? आनून ठेव, पितळ चोरीले जाते." तूर घेऊन जायचंच आहे पुढच्या महिन्यात मोंढ्यात, तेव्हा बघतो.