आठ वर्षांच्या गाडीला सीएनजी किट : सोलापुरातील नऊ महिन्यांचा हिशेब

होटगी रस्त्यावरील एका वर्कशॉपमध्ये गेल्या ऑगस्टमध्ये मी माझ्या २०१८ सालच्या पेट्रोल हॅचबॅकला सीएनजी किट बसवून घेतले. या कामाला पाचपैकी साडेतीन गुण द्यावेत असे मला वाटते. दीड गुण का कापला, ते पुढे येईलच. वर्कशॉपने चूक सुधारली असल्यामुळे त्याचे नाव येथे देत नाही.

चादरी आणि टॉवेल यांचे नमुने घेऊन बार्शी, पंढरपूर, तुळजापूर आणि लातूरकडच्या दुकानांमध्ये फिरणे हा माझा व्यवसाय असून महिन्याला सुमारे १,६०० किलोमीटर गाडी धावते. पेट्रोलवर ती लिटरला १६ किलोमीटरही पुरते देत नव्हती. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सगळीकडे मिळू लागल्यावर सरासरी आणखी किंचित खाली आली. त्यात नवल नाही, कारण एक लिटर इथेनॉलमध्ये तेवढ्याच पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते आणि माझ्या गाडीचे इंजिन त्या मिश्रणासाठी बनवलेले नाही. आपल्याच जिल्ह्यातला ऊस आपल्याच टाकीत येतो याचे समाधान जरूर आहे, मात्र त्याने पंपावरचे बिल कमी होत नाही. इलेक्ट्रिक गाडीचा विचार मी केला होता, परंतु फिटलेल्या कर्जानंतर पुन्हा नवे कर्ज काढण्याची तयारी नव्हती.

बसवणीचे काम दीड दिवस चालले आणि ते मी बहुतांश वेळ उभे राहून पाहिले. ६० लिटरची पोलादी टाकी डिकीत पट्ट्यांनी आवळली गेली, जाड नळी गाडीच्या पोटाखालून पुढे नेली गेली आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर देणारे सिक्वेन्शियल किट बसले. गॅस भरून आणल्यानंतर कारागिराने रंगाच्या ब्रशने प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावला आणि टॉर्च धरून तो बुडबुड्यांची वाट पाहत बसला. रेग्युलेटरजवळच्या एका जोडावर राईएवढा बुडबुडा वर आला, तेव्हा कोणी काही बोलण्याआधीच त्याने तो जोड सोडवून नवीन घातला. टाकीत गॅस २०० बारच्या आसपास दाबाने भरलेला असतो, त्यामुळे ही दहा मिनिटे मला पावतीवरील कोणत्याही सवलतीपेक्षा मोलाची वाटतात.

खोट निघाली ती ट्यूनिंगमध्ये. लॅपटॉप जोडून गाडी जुळवण्याचे काम पावसाळी सकाळी, एसी बंद ठेवून, वर्कशॉपच्या आवारातच उरकले गेले होते. बाराव्या दिवशी दुपारी सात रस्त्याच्या सिग्नलला एसी चालू असताना गाडी थरथरून बंद पडली आणि मागच्या रिक्षावाल्याने हॉर्नवरचा हात काढला नाही. दोन वेळा तेच घडल्यावर मी गाडी परत नेली, तेव्हा एसीचा भार आणि तापलेले इंजिन गृहीत धरून, प्रत्यक्ष रस्त्यावर तासभर फिरवून पुन्हा ट्यूनिंग झाले आणि त्यासाठी पैसे घेतले नाहीत. हे पहिल्याच दिवशी व्हायला हवे होते.

दुसरी तक्रार कागदपत्रांची आहे. आरसी बुकावर सीएनजीची नोंद करून देण्याची जबाबदारी वर्कशॉपने घेतली होती, परंतु माझ्या इंजिनसाठी किट मंजूर असल्याच्या दाखल्याची प्रत त्यांनी अर्जाला जोडलीच नाही आणि सात आठवडे गेले. नोंद नसताना विमा कंपनीला कळवता येत नाही आणि न कळवता अपघात झाला तर दावा अडू शकतो, म्हणून मी त्या काळात गाडी जवळजवळ पेट्रोलवरच चालवली. ज्यासाठी खर्च केला, तेच वापरता आले नाही. कोणी किट बसवणार असेल, तर दाखल्याची प्रत हातात पडल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.

आता पैशांविषयी. किट, टाकी, बसवणी आणि नोंदणी मिळून ५७,५०० रुपये गेले. पेट्रोल लिटरला १०४ रुपयांच्या पुढे असताना किलोमीटरमागे ६ रुपये ६० पैसे पडत होते. गॅसवर गाडी किलोला २२ किलोमीटर देते आणि किलोचा दर ९२ रुपयांच्या आसपास धरला तर खर्च सव्वाचार रुपयांच्या आत येतो. इंजिन तापेपर्यंत गाडी पेट्रोलवरच चालते, त्यामुळे महिन्याला पाचेक लिटर पेट्रोलही लागते आणि ते धरून आकडा ४ रुपये ४० पैशांवर जातो. म्हणजे किलोमीटरमागे २ रुपये २० पैसे वाचतात आणि भांडवल वसूल होण्यास सुमारे २६,००० किलोमीटर धावावे लागेल. माझ्यासारख्याला हे सव्वा वर्षाहून थोडे जास्त पडते. माझे शेजारी महिन्याला जेमतेम ४०० किलोमीटर गाडी चालवतात. त्यांनी विचारले तेव्हा मी त्यांना स्पष्ट नको म्हणालो, कारण त्यांना साडेपाच वर्षे लागतील.

सोलापूरच्या उन्हाचाही या हिशेबात वाटा आहे. रिकाम्या टाकीत पहाटे ८.६ किलो गॅस बसतो, तर मे महिन्यातल्या दुपारी पावणेआठ किलोलाच पंप थांबतो, कारण तापलेला गॅस त्याच दाबाला कमी भरतो. पहाटे भरून निघाले की बार्शीला जाऊन परत येणे निश्चिंतपणे होते. दुपारच्या रांगेत अर्धा तास उभे राहून कमी गॅस घेण्यात मात्र काहीच अर्थ नाही. डिकी तर गेलीच. चादरींचे गठ्ठे आता मागच्या सीटवर पट्ट्याने बांधून न्यावे लागतात आणि घरच्यांना घेऊन पंढरपूरला जायचे झाले की पिशव्या पायाशी येतात. चढावर जोरही थोडा कमी जाणवतो, मात्र आपला मुलूख सपाट असल्यामुळे त्याचा फारसा त्रास होत नाही.

टाकीची दाब-चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते आणि मुदत संपलेली पाटी दिसली तर पंपावर गॅस नाकारतात. ती टाकी काढून, तपासून, पुन्हा बसवण्याचा खर्च किती येईल, हे मी वर्कशॉपला दोनदा विचारले. दोन्ही वेळा तोंडी वेगवेगळे आकडे मिळाले, लेखी दर अजून मिळालेला नाही.