नवा जोडलेला पीसी, निळा स्क्रीन आणि किनाऱ्यावरची वीज: दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मशीन आता उत्तम चालतंय, हे आधीच सांगून टाकते. गेल्या दिवाळीत जोडलं, आता गणपतीही होऊन गेले. पहिले सहा-सात महिने मात्र ते मधेच बंद पडायचं आणि कारण हाती लागत नव्हतं. समुद्राजवळ राहून असेंबल्ड पीसी घ्यायचा विचार करणाऱ्यांना त्या शोधाचा उपयोग होईल, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी मशीनबद्दल. रायझन 5 7600 प्रोसेसर, बी650 चिपसेटचा मदरबोर्ड, 32 जीबी डीडीआर5 रॅम, 12 जीबीचं आरटीएक्स 3060 ग्राफिक्स कार्ड, 1 टीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि 650 वॉटचा गोल्ड रेटिंगचा पॉवर सप्लाय. घर वेंगुर्ल्यात, समुद्राची गाज माजघरात ऐकू येईल इतक्या अंतरावर. काम दशावतारी नाटकांच्या व्हिडिओ एडिटिंगचं. कार्तिकापासून जत्रा सुरू होतात, प्रयोग रात्री उशिरा उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो. दोन-तीन कॅमेऱ्यांचं एवढं लांबलचक चित्रीकरण एकत्र लावायचं, पेटी-मृदंगाचा आवाज नीट बसवायचा आणि मग एक्सपोर्टला, म्हणजे त्याची तयार व्हिडिओ फाईल बनवायला, टाकून झोपायला जायचं. सकाळी उठून बघावं तर मशीन रिस्टार्ट होऊन लॉगिन स्क्रीनवर थांबलेलं.

माझ्या मशीनला एक नाही, दोन आजार होते. एक रॅमचा, दुसरा विजेचा. दोन्हींचं बाहेरून दिसणारं लक्षण एकच, मशीन अचानक बंद. जोवर मी दोन्हींना एकच समजून उपाय करत होते तोवर काहीच जुळत नव्हतं. निळा स्क्रीन येऊन बंद पडणं आणि काही न दाखवता काळोख होणं, या दोन घटना वहीत वेगळ्या लिहायला लागले आणि गुंता सुटायला लागला.

निळ्या स्क्रीनचं आधी. विंडोज क्रॅश झालं की स्वतःच रिस्टार्ट होतं, त्यामुळे कोड वाचायच्या आत स्क्रीन निघून जातो. सिस्टीमच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'ची खूण काढून टाका, म्हणजे स्क्रीन तसाच थांबतो. माझ्याकडे एकदा 'मेमरी मॅनेजमेंट', एकदा 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल', एकदा 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया' असं काहीबाही यायचं. ड्रायव्हरचा दोष असला तर बहुतेक वेळा तीच फाईल, तोच कोड पुन्हा पुन्हा दिसतो. दर वेळी नवा कोड येत असेल तर पहिला संशय रॅमवर घ्यावा. दुसरी खूण म्हणजे मोठी झिप फाईल उघडताना मधेच ती खराब असल्याचा संदेश यायचा, आणि तीच फाईल दुसऱ्यांदा सुखरूप उघडायची. फाईल खरंच खराब असती तर दोन्ही वेळा अडली असती.

इथे रॅमच्या खोक्यावरच्या आकड्याचं थोडं समजून घ्यायला हवं. खोक्यावर 6000 असा वेगाचा आकडा लिहिलेला असतो, पण स्टिक बोर्डावर लावल्यावर ती सहसा 4800 वर चालू होते. 6000 मिळवायला बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, एक्स्पो नावाचं प्रोफाईल चालू करावं लागतं. इंटेलच्या बोर्डांवर त्याच धर्तीचं एक्सएमपी असतं. माझ्या प्रोसेसरसाठी अधिकृत वेग आहे 5200, म्हणजे 6000 हे ओव्हरक्लॉकिंगच, ठरलेल्या वेगाच्या वर पळवणंच, झालं. बहुतेक मशीन ते आनंदाने पेलतात, पण पेलतीलच याची हमी कुणी देत नाही. चारही स्लॉट भरले तर याच प्रोसेसरचा अधिकृत वेग 3600 वर येतो. 'आत्ता दोन स्टिक घेऊ, पुढे दोन वाढवू' हा बेत डीडीआर5 मध्ये म्हणूनच महागात पडू शकतो. लागणार तेवढी रॅम दोन स्टिकमध्ये, एकाच किटमध्ये (जोडीनेच विकलेल्या संचात), आधीच घ्यावी.

मला दुकानातून मिळालेल्या दोन स्टिक एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या होत्या, पण सुट्या विकलेल्या. पेनड्राईव्हवर मेमटेस्ट86 हा रॅम तपासणारा प्रोग्राम टाकून रात्रभर लावलं. एक्स्पो चालू असताना लाल ओळी यायला लागल्या. एक्स्पो बंद करून 4800 वर लावलं तर सकाळपर्यंत एकही नाही. मग एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये घालून 6000 वर तपासली. एक स्वच्छ निघाली, दुसरीत त्रुटी. या चाचणीत 'दोन-चार एरर चालतात' असं काही नसतं, एक जरी आली तरी ती सेटिंग बाद समजायची. मोबाईलवर काढलेले स्क्रीनचे फोटो दाखवल्यावर दुकानदाराने दोन्ही परत घेऊन किट दिलं. ते मी प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावलं, बायोस अपडेट केलं आणि वेग 5600 वर ठेवला. 6000 वरही हे किट चाचणीत पास झालं होतं, पण माझ्या एडिटिंगमध्ये दोन्हींतला फरक जाणवत नाही, म्हणून थोडी सवड ठेवलेली बरी वाटते. त्यानंतर निळा स्क्रीन आलेला नाही.

रॅम खराब असताना विंडोज नव्याने टाकू नका, हे कळकळीने सांगते. जो सल्ला सगळे पहिल्यांदा देतात तो हाच, 'फॉरमॅट मार'. पण चुकीच्या बिट लिहिणाऱ्या रॅममधून टाकलेलं विंडोज पहिल्या दिवसापासूनच खराब असू शकतं. आधी रॅम दुरुस्त करा, मग डीआयएसएम आणि 'एसएफसी स्कॅननाऊ' या विंडोजच्याच कमांड चालवून सिस्टीमच्या फाईल दुरुस्त करून घ्या. मला तेवढं पुरलं. आणि रॅम बदलल्यावर किंवा बायोस रिसेट केल्यावर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन बराच वेळ काळा राहतो, कधी काही मिनिटंसुद्धा. त्या वेळात बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. घाबरून पॉवर बटण दाबू नका.

जानेवारी ते मार्च निवांत गेले. एप्रिलमध्ये काळोख सुरू झाला. निळा स्क्रीन नाही, आवाज नाही, पंखे थांबतात आणि मशीन पुन्हा चालू होतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, 'कर्नल-पॉवर 41' ही नोंद. हा 41 आकडा बघून पुष्कळ जण थेट पॉवर सप्लाय बदलतात, पण त्याचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं. ती नोंद उघडून तपशिलात 'बगचेक कोड' बघायचा. तिथे शून्य असेल तर विंडोजला स्वतःचा क्रॅश नोंदवायलाही वेळ मिळालेला नाही, म्हणजे बहुधा वीजच तुटली किंवा मशीन पुरतं गोठलं. माझ्याकडे प्रत्येक वेळी शून्य. एसएसडीच्या आरोग्याची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये 'अनसेफ शटडाऊन्स' म्हणून एक आकडा असतो, तोही प्रत्येक काळोखानंतर वाढलेला असायचा. तापमान तपासलं. या प्रोसेसरची मर्यादा 95 अंश, आणि एप्रिलच्या उकाड्यात, एक्सपोर्ट चालू असतानाही तो 80 च्या आत होता. उष्णतेचा मुद्दा तिथेच संपला.

वहीने इथे पुन्हा मदत केली. सगळे काळोख संध्याकाळी, दिवेलागणीनंतरचे, आणि सगळे एक्सपोर्ट चालू असताना. दुपारी तेच एक्सपोर्ट बिनधोक व्हायचं. पुतण्या कॉलेजसाठी कुडाळला खोली घेऊन राहतो. त्याच्याकडे मशीन ठेवलं, तिथे संध्याकाळीही काही झालं नाही. मशीन निर्दोष, घरात काहीतरी आहे, हे नक्की झालं.

वायरमनला मुद्दाम संध्याकाळी बोलावलं. त्याने मीटर लावला आणि विहिरीवरचा पंप चालू करायला सांगितला. फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 व्होल्टच्या आसपास असायला हवेत, ते पंप सुरू होताना 187 वर आले. मोटार सुरू होताना चालू असतानाच्या कितीतरी पट करंट ओढते, त्यामुळे थोडं उतरणं ठीक, पण इतकं नाही. मग फेज आणि अर्थ मोजलं. तो आकडा जवळपास फेज-न्यूट्रलइतकाच यायला हवा, आला 120 च्या घरात. त्याने मान हलवली. "वहिनी, अर्थिंग आसा, पण नुसता नावाक."

हे ऐकल्यावर मला कॅबिनेटच्या स्क्रूचं कोडं सुटलं. अनवाणी पायाने मागचा स्क्रू हाताला लागला की बारीक झिणझिण्या यायच्या. पॉवर सप्लायच्या आत, विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंग धड नसेल तर कॅबिनेटवर पुरवठ्याच्या साधारण निम्मा दाब चढून बसतो. करंट अगदी नगण्य, म्हणून झिणझिण्यांवर भागतं. पण ती सूचना समजावी. शिवाय ऑडिओ इंटरफेसमधून हेडफोनवर बारीक गुणगुण येत होती, तीही त्यातलीच. मृदंगाच्या थापेमागची ती गुणगुण काढण्यात मी कितीतरी वेळ घालवला होता.

अर्थिंगचा खड्डा घराच्या मागे, जांभ्याच्या कातळाला लागून. पावसात माती ओली असते तोवर ठीक, एप्रिल-मेमध्ये ती कोरडी ठणठणीत झाली की अर्थिंगचा प्रतिकार वाढतो. वायरमनने न्हाणीघराच्या सांडपाण्याजवळ, जिथे माती बारमाही ओलसर असते तिथे, नवा खड्डा घेतला. पाईप, कोळसा, मीठ, सगळं रीतसर. मग मेन स्विच उघडला. न्यूट्रलच्या जोडावर ॲल्युमिनियमची तार तांब्याला नुसती पिळलेली होती आणि तिच्याभोवती पांढरट हिरवी भुकटी साचली होती, कडेचं प्लास्टिक किंचित तपकिरी पडलेलं. खारी हवा, दोन वेगळे धातू आणि सैल जोड. भार पडला की तो जोड तापणार आणि व्होल्टेज खाणार. जोड कापून योग्य लगने पुन्हा केला, पंपाला मेनपासून वेगळी लाईन दिली. आता पंप सुरू होताना 215 च्या खाली जात नाही. ही मोजणी वायरमनकडूनच करून घ्या, घरी मेन स्विच उघडू नका.

पण अर्थिंगने मशीन बंद पडत नव्हतं, आणि व्होल्टेज उतरलं तरी मशीन यूपीएसवर, म्हणजे लाईट गेली की बॅटरीवरून वीज देणाऱ्या डब्यावर, होतंच की. मग बंद का पडायचं? त्याचं उत्तर एका साध्या प्रयोगात मिळालं. यूपीएसच्या प्लगचा भिंतीवरचा स्विच बंद केला. प्लग उपटायचा नाही, कारण प्लग काढला की अर्थही तुटतो, स्विचने फक्त फेज तुटते. मशीन रिकामं बसलेलं असताना स्विच बंद केला, काही झालं नाही. एक्सपोर्ट चालू असताना बंद केला, काळोख.

यूपीएस 600 व्हीएचा होता, म्हणजे वॉटमध्ये बघितलं तर 360. एक्सपोर्टमध्ये ग्राफिक्स कार्ड एकटं 170 वॉटपर्यंत जातं, प्रोसेसर 88 पर्यंत, वर बोर्ड, डिस्क, मॉनिटर. मशीन मर्यादेच्या अगदी जवळ चालत होतं. त्यात हा यूपीएस बॅटरीवर गेला की घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर, शुद्ध साईन वेव्ह, न देता पायऱ्यापायऱ्यांची लहर देतो. आजकालच्या चांगल्या पॉवर सप्लायमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (विजेतून करंट समान ओढणारं सर्किट) असतं, त्यांना कमी लोडवर ती लहर चालून जाते, भरलेल्या लोडवर काहींना चालत नाही. संध्याकाळी व्होल्टेज उतरलं, यूपीएस बॅटरीवर उडी मारायला गेला आणि एक्सपोर्टच्या भाराखाली कोसळला. दोन अटी एकत्र आल्या तरच हे घडायचं, म्हणून इतके दिवस हुलकावणी दिली. प्युअर साईन वेव्हचा 1000 व्हीएचा घेतला. त्यानंतर भर एक्सपोर्टमध्ये लाईट गेली तरी मशीन जागचं हललं नाही. ज्यांच्याकडे घरचा इन्व्हर्टर आहे त्यांनी मागे 'यूपीएस मोड'चा स्विच आहे का बघावं. साध्या मोडमध्ये बॅटरीवर जायला वेळ लागतो, आणि पॉवर सप्लाय विजेशिवाय दम धरतो तो जेमतेम 15-20 मिलिसेकंद.

पावसाळा बिनतक्रार गेला, पण त्यासाठी थोडं करावं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये काम नसलं तरी मशीन रोज तासभर चालू ठेवते, आतली ऊब दमटपणा धरू देत नाही. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून वर, स्टुलावर. मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या लावलेल्या, नाहीतर पाल आत शिरते आणि बोर्डावर तिने शॉर्ट केलं तर वॉरंटीत बसेलच असं नाही. मुंग्यांसाठी स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत. गणपतीआधी कॅबिनेट उघडून पाहिलं तेव्हा मागच्या स्क्रूंवर तांबूस गंज होता, रॅमचे सोनेरी संपर्क स्वच्छ होते. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. खोडरबराने घासायची पद्धत आहे, पण त्याचा चुरा स्लॉटमध्ये जातो, म्हणून मी टाळते.

एक तक्रार अजून आहे. पुढचा एक यूएसबी पोर्ट खाऱ्या हवेने पकड सोडतोय, त्यात कार्ड रीडर लावला की कॉपी मधेच तुटते. मागचे पोर्ट ठीक आहेत, सध्या कार्ड रीडर तिथेच. ऑक्टोबरात परतीच्या पावसाबरोबर विजा होतील तेव्हा यूपीएससकट सगळं भिंतीवरून काढणार, राऊटरकडून येणारी लॅनची केबलही.