ठाण्यात दिवसभर खायचं तर: मामलेदार ते कुंजविहार

ठाणे पश्चिमेला स्टेशनपासून नौपाडा, पाचपाखाडीपर्यंतच्या पट्ट्यात एका दिवसात पाच थांबे आरामात होतात. फसतो तो क्रम. उतरल्या उतरल्या स्टेशनजवळचं कुंजविहार गाठलं, एक जंबो वडापाव आणि वर लस्सी झाली, की मामलेदारला पोचेपर्यंत भुकेचे बारा वाजलेले असतात. म्हणून कुंजविहार शेवटी, परतीची गाडी पकडण्याआधी. सुरुवात मिसळीने. तिघं-चौघं असाल तर उत्तम. प्रत्येकाने आपापली प्लेट मागवली तर दुसऱ्याच थांब्यावर हात टेकाल.

मामलेदार मिसळीच्या आता बऱ्याच शाखा आहेत, पण जायचं ते तहसीलदार कचेरीजवळच्या मूळ ठिकाणी. नावही त्या कचेरीवरूनच पडलेलं, मामलेदार म्हणजे तहसीलदारच. स्टेशनपासून चालत दहाएक मिनिटं. रविवारी उशिरा गेलात तर उभं राहावं लागेल, तेव्हा सकाळी लवकर गाठा. मिसळ किती तिखट हवी ते आधीच सांगायचं. पहिल्यांदा जाणाऱ्याने फुशारकी न मारता मध्यम घ्यावी. तिथलं तिखट म्हणजे खरोखरच तिखट.

प्लेट समोर आली की फोटोत वेळ घालवू नका. फरसाण रश्शात दोन-तीन मिनिटांत मऊ पडतं आणि मग निम्मी मजा जाते. तर्री वर तरंगते. ती तशीच चमच्याने उचलली तर पहिलाच घास घशाला लागतो. आधी तळापासून एकदा ढवळा, मग कांदा घाला, लिंबू सगळ्यात शेवटी पिळा. जाळ झाला तर पाण्याचा ग्लास तोंडाला लावू नका. मिरचीतला तिखटपणा तेलात विरघळतो, पाण्यात नाही. पाण्याने तो फक्त तोंडभर पसरतो आणि पोटही फुगतं. ताक किंवा दही उपयोगी, तेही नसेल तर कोरडा पाव चावा. चौघांत दोन मिसळी आणि जास्तीचे पाव पुरतात. इथे पोट भरायचं नाही, हे मनाला बजावून ठेवा.

तिथून तलावपाळी जवळच. मासुंदा तलावाला एक फेरी मारली की पोट पुढच्यासाठी तयार होतं, वाटेत कोपिनेश्वराचं दर्शनही होतं. फक्त दिवाळीची पहाट आणि गुढीपाडवा या दोन दिवशी हा बेत आखू नका. राम मारुती रोड आणि तलावपाळीवर तेव्हा माणसांचा पूर येतो, खाणं बाजूलाच राहतं.

दुसरा थांबा नौपाड्यात, विष्णूनगरातला गजानन वडापाव. दिवसभरातली सगळ्यात चोख गोष्ट माझ्या मते हीच, आणि त्याचं श्रेय वड्याइतकंच तिथल्या पिवळ्या बेसनाच्या चटणीला. पातळ पिठल्यासारखी ही चटणी गरम असतानाच खायची. गार झाली की घट्ट होते आणि जिभेवर पिठूळ लागते. म्हणून थोडीथोडी घ्या, संपली की पुन्हा मागा. वडा घाण्यातून नुकता निघालाय का, ते आधी बघा. झाऱ्यातून निथळणारा वडा असेल तर लगेच घ्या. परातीत ढीग लागला असेल तर पुढच्या घाण्यापर्यंत थांबा. ढिगातल्या खालच्या वड्यांचं आवरण वाफेने ओलं होतं आणि तोडताना सालीसारखं सुटून येतं. कढईजवळ दोन-चार मिनिटं उभं राहण्यात कमीपणा कसला!

दुपारी तळणाला पूर्ण सुट्टी. घंटाळीला मेतकूट नावाचं शाकाहारी मराठी जेवणाचं हॉटेल आहे. मऊभात, वर तूप आणि मेतकूट असं काही मिळालं तर तेच घ्या. मिसळ आणि वड्यानंतर पोटाला याहून बरं काही नाही. शनिवार-रविवारी नाव लिहून बाहेर थांबावं लागू शकतं, त्यामुळे भूक लागायच्या आधीच पोचायचं. यादीतली भाजणीची आणि भाकरीची नावं खुणावतील, पण संध्याकाळ अजून शिल्लक आहे. चौघांत दोन-तीन पदार्थ पुरेत. त्यानंतर निदान तीन तास तोंड बंद. गोखले रोडवर कपड्यांची दुकानं हवी तितकी आहेत, वेळ कसा जातो ते कळत नाही.

पाचपाखाडीत आल्मेडा रोडवरचं प्रशांत कॉर्नर हा संध्याकाळचा थांबा. मिठाई, फरसाण, चाट, सगळं एका छताखाली, आणि गर्दी तशीच. आधी चाट खाऊन घ्या, घरी न्यायची खरेदी नंतर, नाहीतर पिशव्या सांभाळत पाणीपुरी खावी लागते. चाटमध्येही क्रम असतो: पाणीपुरी आधी, दहीपुरी नंतर. दह्याची गोडी एकदा जिभेवर बसली की पुदिन्याचं पाणी फिकं लागतं. शेवपुरी एकच मागवा आणि लगेच संपवा, चटणीखालची पुरी फार वेळ तग धरत नाही. रिक्षा मिळाली तर ठीक, नाहीतर परत स्टेशनपर्यंत वीसेक मिनिटांची चाल आहे. या टप्प्यावर चालणंच बरं.

आता कुंजविहार. जंबो म्हणजे खरंच जंबो. पाव मोठा, वडाही तसाच. एक दोघांत पुरतो. मला विचाराल तर चवीत गजानन पुढे, पण भरपेट खाऊन लोकल पकडायची असेल तर कुंजविहारला तोड नाही. सोबतची तळलेली मिरची सोडू नका. लस्सी प्यायची असेल तर ती वडापावानंतर, आणि दोघांत एक. घट्ट असते, पुढे दोन तास काही सुचत नाही.

घरच्यांसाठी पार्सल न्यायचं असेल तर वडे आणि पाव वेगवेगळे बांधून मागा, चटणीही निराळी. गरम वडा पावात दाबून कागदात गुंडाळला की कल्याणला पोचेपर्यंत वाफेने पावाचा लगदा होतो. घरी वडे मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, आवरण चिवट होतं. तव्यावर झाकण न ठेवता मंद आचेवर उलटसुलट करा, पाव शेवटच्या अर्ध्या मिनिटात त्याच तव्यावर टाका.