बुसान की देजॉन? खेळ आणि फेस्टिव्हलची आवड असेल तर कोरियात शिकायला कुठं जावं

कोरियात मास्टर्स, पीएचडी नाहीतर एक्स्चेंजला येणाऱ्या आपल्या पोरापोरींनी प्रोफेसर कोण, स्टायपेंड किती, रँकिंग काय हे सगळं कोळून प्यायलेलं असतं, पण शहर कुठलं निवडताय असं विचारलं की "सोल मिळालं तर सोल, बाकी सगळं सारखंच ना" असं उत्तर मिळतं. अजिबात सारखं नाहीये. तुम्हाला स्टेडियममध्ये बसून ओरडायला आवडत असेल, स्वतः खेळायला आवडत असेल, रस्त्यावर काहीतरी चालू असेल तर पाय आपोआप तिकडं वळत असतील, तर शहराचा फरक दर आठवड्याला जाणवतो. मी देजॉनमध्ये राहिलो आणि बुसानला मित्रमंडळी असल्यामुळे तिकडं सारखं जाणं झालं, म्हणून या दोघांचीच नीट तुलना करतो, बाकीच्या शहरांवर जाता जाता बोलतो.

आधी माझं मत सांगून टाकतो. शहरात वर्षाला किती इव्हेंट होतात हे बघू नका, त्यातले तुमच्या हाताला किती लागतील ते बघा. लॅबमधून संध्याकाळी सहाला सुटून तुम्ही कुठं पोचू शकता, रविवारी एकट्याने गेलात तर शेजारचा माणूस बोलतो का, तिकीट मिळतं का, हे महत्त्वाचं. या हिशोबाने बुसान आणि देजॉन ही दोन एकदम वेगळ्या स्वभावाची शहरं आहेत.

बेसबॉलपासून सुरू करू, कारण कोरियात आल्यावर बेसबॉल टाळता येत नाही आणि टाळूही नका. आपल्याकडून येणाऱ्याला वाटतं आपण क्रिकेटवाले, आपल्याला काय करायचंय, पण एकदा जाऊन या. लीगमध्ये 10 टीम आहेत, मार्चच्या शेवटापासून प्रत्येकीच्या 144 मॅचेस, सोमवार सुट्टी, आणि मधल्या वारी मॅच संध्याकाळी साडेसहाला सुरू होते म्हणजे लॅब किंवा क्लास करून जाता येतं. प्रत्येक बॅटरचं स्वतःचं गाणं असतं, समोर स्टेजवर एक माणूस शिट्टी घेऊन अख्ख्या स्टँडला नाचवत असतो, आणि नऊपैकी पहिल्या दोन इनिंगमध्येच तुम्ही शब्द न कळता गायला लागता. बाहेरचं खाणं आत नेता येतं, हे व्हेज मंडळींसाठी फार कामाचं, कारण आत सगळीकडे चिकनच चिकन असतं. घरून पराठे नाहीतर हॅम काढून बनवून घेतलेला किंबाप (समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेला भाताचा रोल) न्या, कोणी काही म्हणत नाही. मात्र कॅन आणि काचेची बाटली नेऊ नका, गेटवरच अडवतात.

बुसानची टीम लोट्टे जायंट्स, सजिक स्टेडियम. टीम शेवटची चॅम्पियन झाली 1992 मध्ये, आणि तरीही लोकांचं प्रेम असं की टीम हरत असताना सुद्धा सजिकमधला आवाज कमी होत नाही. बुसान नॅशनल युनिव्हर्सिटीला असाल तर मेट्रोच्या लाईन 1 ने योनसान, तिथं लाईन 3 पकडून स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स, उतरलात की गर्दीच तुम्हाला घेऊन जाते. बुसानची माणसं बोलायला रांगडी, आवाज मोठा, पहिल्यांदा वाटतं भांडतायत की काय, पण स्टेडियममध्ये परदेशी पोरगा एकटा बसलेला दिसला की शेजारचे काका चिकनचा डबा पुढं करणार आणि तिसऱ्या इनिंगला तुम्ही त्यांच्या फॅमिली फोटोत असणार.

देजॉनची टीम हानव्हा ईगल्स. यांची चॅम्पियनशिप एकच, 1999 ची. मधली कित्येक वर्षं ही टीम तळाला पडून असायची आणि फॅन्स तरीही यायचे, म्हणून कोरियात यांच्या फॅन्सना बोधिसत्त्व म्हणतात, एवढा संयम! मग 2024 मध्ये टीमचा जुना स्टार पिचर रयू ह्युन-जिन अमेरिकेतली मेजर लीग सोडून परत आला, 2025 च्या मार्चमध्ये नवीन कोरं स्टेडियम उघडलं, आणि त्याच वर्षी टीम 19 वर्षांनी फायनल सिरीजला पोचली. तिथं एलजी ट्विन्सकडून हरली, पण शहर पेटलं ते पेटलंच. आठव्या इनिंगला इथं म्युझिक बंद करतात आणि सगळा स्टँड फक्त घशाच्या जोरावर टीमचं नाव घेतो, हे ऐकताना माझ्या अंगावर दरवेळी काटा येतो. देजॉनच्या आसपासच्या चुंगचोंग भागातली ही माणसं एरवी हळू बोलणारी, पटकन मोकळी न होणारी, त्यांच्या तोंडून हा आवाज निघतो म्हणून तर तो जास्त भिडतो.

पण तुलना करताना खरं सांगायला हवं, यशामुळे देजॉनचं तिकीट आता अवघड झालंय. नवीन स्टेडियममध्ये 20 हजारांच्या आसपास लोक मावतात आणि 2025 मध्ये बहुतेक मॅचेस फुल्ल गेल्या. बुकिंग ॲपला कोरियन फोन नंबर आणि ओळख पडताळणी लागते, म्हणजे रेसिडेन्स कार्ड हातात येईपर्यंत पहिले काही आठवडे लॅबमधल्या कोरियन मित्राला मस्का लावण्याशिवाय पर्याय नाही. सजिक थोडं मोठं आहे, आणि मंगळवार-बुधवारची मॅच धरली तर तिथं जागा मिळण्याचा चान्स जास्त. बेसबॉलमध्ये म्हणून मी बुसानला थोडं वर ठेवतो.

फुटबॉलमध्ये उलटं. देजॉन हाना सिटीझन पहिल्या डिव्हिजनमध्ये खेळते, बुसान आयपार्क दुसऱ्या. आणि देजॉनचं वर्ल्ड कप स्टेडियम म्हणजे तेच जिथं 2002 ला कोरियाने इटलीला 2-1 ने घरी पाठवलं होतं, आन जंग-ह्वानचा एक्स्ट्रा टाइममधला हेडर! त्या गवतावर आजही लीग मॅच चालते, तिकीट निवांत मिळतं आणि स्टेडियम युसोंग भागात आहे जिथं काइस्ट (KAIST) आणि चुंगनाम नॅशनल या दोन्ही युनिव्हर्सिटींचे कॅम्पस आहेत. मेट्रो स्टेशनचं नावच वर्ल्ड कप स्टेडियम आहे.

हिवाळ्याबद्दल कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. ऑक्टोबरनंतर बेसबॉल संपतं, बाहेर शून्याखाली जातं आणि नवीन आलेली पोरं रूममध्ये कोंडून घेतात, तिथूनच एकटेपणा सुरू होतो. यावर इनडोअर लीग हे औषध आहे. देजॉनला व्हॉलीबॉलच्या दोन टीम, पुरुषांची सॅमसंग ब्लूफँग्स आणि महिलांची रेड स्पार्क्स, दोन्ही चुंगमू जिममध्ये, बेसबॉल स्टेडियमच्या शेजारीच. रेड स्पार्क्सकडून इंडोनेशियाची मेगावती दोन सीझन खेळली आणि तेव्हा कोरियातली इंडोनेशियन मंडळी झेंडे घेऊन जिममध्ये यायची, त्यांचं बघून वाटायचं की आपला एक जरी प्लेअर इथं असता तर आपणही ढोल घेऊन आलो असतो. बुसानला बास्केटबॉल जोरात आहे, केसीसी एगिस 2024 चे चॅम्पियन आणि महिलांची बीएनके सम 2025 ची. शिवाय बुसानचा हिवाळा समुद्रामुळे जरा सौम्य, देजॉनला थंडी सरळ हाडात जाते.

आता एक गोष्ट फक्त आपल्यासाठी. कबड्डी! बुसान आणि कबड्डीचं नातं जुनं आहे. 2002 च्या बुसान एशियन गेम्समध्ये भारताने कबड्डीचं गोल्ड घेतलं, 2023 च्या जूनमध्ये एशियन कबड्डी चॅम्पियनशिप बुसानलाच झाली आणि फायनलला भारताने इराणला 42-32 ने हरवलं. प्रो कबड्डी बघणाऱ्यांना बंगाल वॉरियर्सचा जांग कुन ली आठवत असेलच, 2016 च्या वर्ल्ड कपमध्ये अहमदाबादला येऊन त्याच्या कोरियाने आपल्याला 34-32 ने धक्का दिला होता. तेव्हा गावाकडं शाळेच्या मैदानावर कबड्डी खेळलेलं पोरगं बुसानला गेलं तर कोरियन पोरांशी बोलायला विषय शोधावा लागणार नाही. क्रिकेटचं मात्र दोन्हीकडे अवघड, खरं ग्राउंड म्हणाल तर इंचॉनला 2014 च्या एशियन गेम्ससाठी बांधलेलं, बाकी ठिकाणी कॅम्पसच्या फुटबॉल ग्राउंडवर रविवारी सकाळी टेनिस बॉल, भारतीय-पाकिस्तानी-बांगलादेशी-लंकन सगळे मिळून.

स्वतः खेळण्याच्या बाबतीत देजॉन जिंकतं, आणि मला वाटतं हे बघण्यापेक्षा मोठं आहे. सपाट शहर, नदीकाठाने लांबच लांब सायकल ट्रॅक, आणि शहराची ताशू नावाची भाड्याची सायकल पहिला तास फुकट. बुसान म्हणजे डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये कोंबलेलं शहर, कॅम्पस सुद्धा चढावर, सायकल विसरा. पण सर्फिंग शिकायचं असेल तर सोंगजॉंग बीच तिथंच आहे, हे सुख देजॉनला कुठून आणणार. डोंगर दोन्हीकडे मस्त. बुसानला कुमजोंगसानवर जुन्या किल्ल्याच्या तटबंदीवरून चालता येतं, सह्याद्री फिरलेल्यांना एकदम घरच्यासारखं वाटेल. देजॉनला केजोकसानवर 14.5 किलोमीटरची लाल मातीची वाट आहे, लोक बूट हातात घेऊन अनवाणी चालतात. काइस्टला असाल तर सप्टेंबरमध्ये पोस्टेक (POSTECH) या दुसऱ्या सायन्स-टेक युनिव्हर्सिटीशी होणारी वार्षिक लढत चुकवू नका, एकीकडे हॅकिंग आणि सायन्स क्विझ, दुसरीकडे बेसबॉल, फुटबॉल, बास्केटबॉल, अभ्यासू पोरं घसा फोडून ओरडताना बघायची तर तिथं.

कल्चरल बाजूला बुसान पुढं आहे, यात वाद नाही. 1996 पासून चालू असलेला बुसान इंटरनॅशनल फिल्म फेस्टिव्हल एकट्यानेच पारडं झुकवतो. सिनेमा सेंटरच्या त्या भल्यामोठ्या छताखाली उघड्यावर बसून हजारो लोकांबरोबर सिनेमा बघायचा, इंग्लिश सबटायटल असतात त्यामुळे भाषेची अडचण नाही, आणि तिकीट विद्यार्थ्याला परवडतं. व्हॉलंटियर म्हणून घेतात का ते आधी विचारून ठेवा. ग्वांगल्ली बीचवर शनिवारी रात्री ड्रोन शो, फुकट. त्याच बीचवर शरद ऋतूत आतषबाजी, ती बघायला मात्र दुपारपासून जागा धरावी लागते आणि परतताना मेट्रोचं स्टेशन गाठायला तास जातो, गर्दीचा त्रास असणाऱ्यांनी लांबच्या डोंगरावरून बघावी. वसंतात जवळच्या जिन्हेला चेरी ब्लॉसम, ऑक्टोबरला जिंजूला नदीत हजारो कंदील, दोन्ही एका दिवसात जाऊन यायला जमतं.

देजॉनला लोक स्वतःच बोअरिंग शहर म्हणतात. मला हे कधीच पटलं नाही. 2023 पासून ऑगस्टमध्ये स्टेशनसमोरचा एक किलोमीटरचा मेन रोड गाड्यांना बंद करून झीरो आवर फेस्टिव्हल करतात, मध्यरात्रीपर्यंत रस्ता लोकांचा, पुण्यात लक्ष्मी रोड विसर्जनाला भरतो तशी गर्दी. शेजारी 1956 पासूनची सोंगसिमदांग बेकरी, तिची रांग हाच एक उत्सव आहे. पण देजॉनचं खरं बळ त्याच्या जागेत आहे. देशाच्या मधोमध. केटीएक्स या वेगवान ट्रेनने सोल तासाभरात, बुसान पावणेदोन तासांच्या आत, बसने गोंगजूला बेकजे फेस्टिव्हल, जुलैला बोरयोंगच्या मड फेस्टिव्हलला चिखलात लोळायला. बुसानहून सोलचा कॉन्सर्ट गाठायचा तर केटीएक्सचं एका बाजूचं तिकीटच 59,800 वॉन, म्हणजे स्टायपेंडला भोक. देजॉनहून 23,700. वर्षभराचा हिशोब केलात तर फरक कळेल.

सोलचं म्हणाल तर तिथं सगळंच आहे. जामसिलला बेसबॉल, योन्से विरुद्ध कोरिया युनिव्हर्सिटीच्या पाच खेळांच्या मॅचेस, मे महिन्यात बुद्धजयंतीच्या आसपास कंदिलांची मिरवणूक, हानबोक हा कोरियन पारंपरिक पोशाख घालून गेलात तर राजवाडे फुकट, आणि गणपती-दिवाळीला एकत्र येणारी आपली माणसं पण सोल-सुवोनकडेच जास्त. फक्त रूमचं भाडं आणि प्रवासात जाणारा वेळ आधी मोजा. देगूला फुटबॉलचं स्टेडियम भारी, ॲल्युमिनियमच्या फ्लोअरवर 12 हजार लोक पाय आपटतात तेव्हा छातीत धडधडतं, जुलैला चिकन-बिअर फेस्टिव्हल, पण उन्हाळा विदर्भाची आठवण करून देणारा. ग्वांगजूला किया टायगर्स, 2024 ला बारावी चॅम्पियनशिप, आणि 1995 पासूनचं बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन. आर्टवाल्या पोरांनी या शहराचा गंभीरपणे विचार करावा.

कोणी काय घ्यावं? एक्स्चेंज, लँग्वेज कोर्स किंवा बॅचलर्स असेल, दुपारी मोकळे होत असाल, माणसं पटकन जोडणारे असाल तर बुसान, डोळे झाकून. पीएचडी आणि लांबलचक लॅब असेल तर देजॉन, कारण तिथं संध्याकाळच्या उरलेल्या तीन तासांत काहीतरी खरोखर पदरात पडतं, सायकल असो, कॅम्पसवरचं बॅडमिंटन असो, व्हॉलीबॉलची मॅच असो. बुसानमध्ये लॅबवाले मित्र "फेस्टिव्हल होता म्हणे" असं नंतर सांगताना मी बरेच बघितलेत. सिनेमा तुमचा जीव असेल तर मात्र हा नियम मोडा आणि बुसानच घ्या. सरकारी जीकेएस स्कॉलरशिपने येणाऱ्यांना भाषेचं पहिलं वर्ष बऱ्याचदा दुसऱ्याच शहरात देतात, त्यामुळे दोन शहरं नशिबात असू शकतात.

शेवटचं, इनटेक बघा. मार्चला आलात तर दोन्हीकडे बेसबॉल सीझन तुमच्याबरोबरच सुरू होतो आणि मेमध्ये कॉलेज फेस्टिव्हल, तिथं स्टेजजवळचा भाग आपल्याच कॉलेजच्या पोरांसाठी राखून ठेवतात बऱ्याच ठिकाणी, तेव्हा स्टुडंट आयडी वेळेत काढा. सप्टेंबरला आलात तर बुसानला फिल्म फेस्टिव्हल आणि आतषबाजी पहिल्या दोन-तीन महिन्यांत मिळते, देजॉनला बेसबॉलचा शेवटचा महिना आणि ऑक्टोबरपासून व्हॉलीबॉल. जाडं जॅकेट मात्र इथं येऊनच घ्या, तिकडून आणलेलं पुरत नाही.