‘गूगलवर पहिल्या नंबरला आणतो’ म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी हे वाचा

गोव्यात पेडणे तालुक्यात आमचं जुनं कौलारू घर आहे. वडील गेल्यावर मागच्या तीन खोल्या नीट करून घेतल्या, पर्यटन खात्यात नोंदणी केली आणि पाहुण्यांना द्यायला लागलो. 2023 च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाला तेव्हा वाटलं, आता दिवस पालटतील. आलेला पाहुणा बायकोच्या हातचं खतखतं-सोलकढी जेवून समाधानाने जायचा, पण येणारेच थोडे. त्यात बुकिंगच्या ॲपवाल्यांचं कमिशन. स्वतःची वेबसाइट हवी आणि ती गूगलवर वर दिसायला हवी, हे मनाने घेतलं.

2024 च्या जूनमध्ये ओळखीतून एका एजन्सीचा माणूस घरी आला. भर पावसात आला, सोप्यावर बसून चहा घेतला, लॅपटॉप उघडून इतर हॉटेलांचे आलेख दाखवले. म्हणाला, “सर, सहा महिन्यांत पहिल्या पानावर पहिला नंबर. लेखी गॅरंटी देतो.” आधी 15,000 आणि मग महिन्याला 9,000 ठरले. बिल घेतलं नाहीत तर 18 टक्के जीएसटी वाचेल, असं त्यानेच सुचवलं. मी यूपीआयने त्याच्या वैयक्तिक खात्यावर पैसे पाठवत गेलो.

तेव्हा मला एक गोष्ट माहीत असती तर बोलणं तिथेच थांबलं असतं. गूगलने स्वतःच्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलेलं आहे की पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही. पैसे भरून वर दिसता येतं ते फक्त जाहिरातीत, आणि तिथे ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं असतं. खालच्या नेहमीच्या निकालांतली जागा विकत मिळत नाही.

दर महिन्याला रंगीत रिपोर्ट यायचा. ऑक्टोबर उजाडला, सीझन सुरू झाला, फोन वाजेना. विचारलं की उत्तर ठरलेलं, “सर, या कामाला चार महिने ते वर्ष लागतं.” हे खोटं नाही, गूगलही तेच सांगतं. म्हणूनच मी गप्प बसलो. डिसेंबरात रिपोर्ट आला, पाच शोधांवर पहिला नंबर. देवापुढे साखर ठेवली त्या दिवशी.

नाताळच्या सुट्टीत भाचा आला. फर्मागुडीला इंजिनिअरिंग करतो. त्याला कौतुकाने रिपोर्ट दाखवला. त्याने पहिली ओळ दोनदा वाचली. ‘कौलारू घर तीन खोल्या फॅमिली होमस्टे पेडणे मोपा शांत मुक्काम.’

“मामा, हे असं कोण शोधतं?”

मला क्षणभर कळलंच नाही. मग त्याने समजावलं. इतके सगळे शब्द एका ओळीत आमच्या पानाशिवाय जगात कुठेच नाहीत, त्यामुळे ते टाकले की आम्हीच पहिले येणार. त्यासाठी कुणी काही करायची गरज नाही. पाहुणा शोधतो ‘मोपा विमानतळाजवळ होमस्टे’. तिथे आम्ही सहाव्या पानापर्यंत सापडलो नाही. माझ्या फोनवर मात्र वर दिसायचो, कारण गूगल आपण कुठे आहोत आणि आधी काय उघडलं आहे तेही बघतं. स्वतःच्या घरात बसून, स्वतःच्या फोनवर आपली साइट शोधू नका. दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाला शोधायला सांगा.

तरीही पैसे बुडाले एवढ्यावर मी कदाचित सोडून दिलं असतं. पण जानेवारीत पुण्याहून एक कुटुंब आलं. लहान मुलगा गाडीतून उतरला तो हातात लाल बादली आणि फावडं घेऊन. अंगणात उभा राहून त्याने विचारलं, “काका, समुद्र कुठे आहे?” समोर भाताची कापणी झालेली शेतं. हरमलचा किनारा तिथून गाडीने बराच लांब. त्याच्या आईने मला फोनवर आमच्याच नावाखालचे अभिप्राय दाखवले. एका आठवड्यात चाळीस, सगळे पाच चांदण्यांचे. त्यात एकाने लिहिलं होतं, बाल्कनीतून समुद्र फार सुंदर दिसतो. आमच्या घराला बाल्कनीच नाही. मी हात जोडून माफी मागितली आणि त्यांना स्वतःच्या गाडीने हरमलला नेलं. माझ्या वडिलांनी या घरात कुणाला खोटं सांगून बोलावलं नाही. तो दिवस मला अजून टोचतो.

फेब्रुवारीत मी एजन्सीकडे सर्च कन्सोल उघडून मागितला. हे गूगलचं फुकट मिळणारं साधन आहे, तुमची साइट कोणत्या शब्दांवर किती वेळा दिसली आणि किती जणांनी क्लिक केलं ते त्यात कळतं. महिनाभर टाळाटाळ करून दिला. आत ‘मॅन्युअल ॲक्शन’खाली, म्हणजे गूगलच्या माणसाने तपासून केलेल्या कारवाईखाली, लाल सूचना होती, आमच्याकडे येणाऱ्या लिंक अनैसर्गिक आहेत म्हणून. दुसऱ्या साइटने आपल्याला लिंक दिली की गूगल ती एक प्रकारची शिफारस धरतं, गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1998 साली मांडलेली मूळ कल्पनाच ती. म्हणून शिफारशी विकत घेण्याचा धंदा सुरू झाला, आणि 2012 पासून गूगल तो कडकपणे पकडतं. आमच्या यादीत शेकडो लिंक जुगाराच्या परदेशी साइटवरून आलेल्या. पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत गोव्यातल्या किनाऱ्यांची नावं लपवलेली. माऊसने खालचा मजकूर निवडला की निळ्या पट्टीत ती दिसतात. तुमच्याही पानावर आज एकदा करून बघा.

मी पैसे थांबवले आणि डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, मागितलं, तेव्हा खरा चेहरा दिसला. डोमेन त्यांनी स्वतःच्या नावावर घेतलेलं. ते सोडायचे 40,000 मागितले. तोवर माझे 87,000 गेले होते. मी नकार दिला.

मग नवं डोमेन बायकोच्या नावावर, आमच्या ईमेलवरून घेतलं. गूगलवरचं बिझनेस प्रोफाइलही, म्हणजे आमच्या नावाखाली अभिप्राय दिसतात ती नोंद, त्यांच्या ताब्यात होतं. तिथे मालकीची विनंती टाकता येते, आधीच्या मालकाला उत्तर द्यायला तीन दिवस असतात. त्यांनी दिलं नाही आणि प्रोफाइल आमच्याकडे आलं. खोटे अभिप्राय एकेक करून तक्रारीत टाकले, काही गेले, काही अजून आहेत. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, तक्रार केली आहे. धंद्यासाठी घेतलेली सेवा म्हणून हात झटकतील अशी भीती आहे. बिल नाही, ही माझी चूक नडते आहे. यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सॲपवरचं सगळं बोलणं जपून ठेवलं होतं, आता तेवढाच पुरावा.

वेबसाइटच्या जुन्या पत्त्यावर आता कुणा दुसऱ्याच्याच व्हिलांची जाहिरात आणि ॲडव्हान्स भरायचा क्यूआर दिसतो. वर फोटो मात्र आमच्या अंगणातल्या तुळशी वृंदावनाचा तसाच आहे. रोज रात्री जेवण झालं की वही काढून बसतो आणि जुन्या पाहुण्यांना एकेकाला फोन करून सांगतो, तिथे पैसे पाठवू नका, ते घर आमचं आहे पण तो पत्ता आता आमचा नाही.