विद्यानगरीबाहेरचे झेरॉक्सचे दुकान : तीन आठवड्यांचा अनुभव

गेल्या तीन आठवड्यांत घरच्यांपेक्षा ज्यांची गाठ जास्त पडली ते म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या कलिन्यातील विद्यानगरी परिसराबाहेरचे एक झेरॉक्सवाले काका. संशोधन सल्लागार समितीपुढे ठेवायचा पीएच.डी.चा सहामाही प्रगती अहवाल, एका चर्चासत्रासाठी कबूल केलेला निबंध आणि एम.ए.च्या वर्गाचे तपासायचे पेपर हे सगळे एकदमच अंगावर आले. त्या काळातील छपाईपासून बाइंडिंगपर्यंतची सारी कामे मी याच दुकानात करून घेतली.

दुकान म्हणजे जेमतेम दोन माणसे उभी राहतील एवढा गाळा. दर इतरांसारखेच आहेत : झेरॉक्स पानाला एक रुपया, छपाई दोन रुपये, स्पायरलचे चाळीस.

या दुकानाची खरी किंमत मला एका जोडाक्षरामुळे कळली. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायका हा माझा विषय. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यांची जेवणे ज्यांच्या चुलीवर शिजत होती त्या बायकांच्या मुलाखती मी लालबाग-परळमध्ये घेत आहे, त्यामुळे अहवालात पानोपानी ‘दुसऱ्या पाळीचा डबा’, ‘तिसऱ्या पाळीचे गडी’ असे शब्द येतात. माझ्या लॅपटॉपवर ते व्यवस्थित दिसत होते. काकांच्या संगणकावर माझा फॉन्ट नव्हता, त्यामुळे तिथे फाइल उघडताच ‘ऱ्या’ची जोडणीच सुटली आणि खाली टिंब असलेला पायमोडका र एकीकडे, ‘या’ दुसरीकडे असे दिसू लागले. एकशे अडतीस पानांच्या पाच प्रती काढायच्या होत्या, मागे रांग होती, आणि मी स्वतः पडद्याकडे न बघता फोनवर मार्गदर्शकांशी बोलत होते. काकांनी छपाई थांबवून विचारले, “ताई, ही दुसरी पाळी अशी मोडकीच छापायची आहे का?” मग मला बाजूला बसवून, फॉन्ट आत समाविष्ट केलेली पीडीएफ लॅपटॉपवरून कशी काढायची हे त्यांनी दाखवले. एका सहायकाने श्रीलिपी या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली, म्हणून माझ्याकडे नुसती रोमन अक्षरे दिसणारी मुलाखत युनिकोडमध्ये आणून देण्याचे कामही त्यांनीच केले. त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चार-दोन चुका राहिल्या, पण रोमन अक्षरांच्या त्या खिचडीतून मजकूर वाचण्याजोगा झाला हेच पुष्कळ.

मात्र इतक्या बारीक नजरेच्या माणसाला पानाच्या कडेचा समास दिसत नाही, याचे मला नवल वाटते. पाठपोट छपाईत पानाच्या मागच्या बाजूला बांधणीसाठीची मोकळी जागा उजवीकडे सोडावी लागते. ती फाइलमध्ये मी सोडली नव्हती, ही चूक माझीच. पण दिवसभर हेच काम करणाऱ्याने भोके पाडण्यापूर्वी एक पान उलटून पाहायला हरकत नव्हती. पहिल्या दोन प्रतींत मागच्या पानांवरच्या ओळींची शेवटची अक्षरे स्पायरलने खाल्ली, आणि खानावळींच्या मासिक हिशेबाच्या तक्त्यातील बेरजेचा रकाना तर पुरता गेला. फेरछपाईचे अर्धे पैसे त्यांनी स्वतः सोसले. मी तक्रार न करताच.

वेळेच्या बाबतीत काकांवर भिस्त ठेवू नये. “पाचला या” याचा अर्थ पावणेआठ असा धरावा, आणि डोंबिवलीला परतणाऱ्या माणसाने तर कुर्ला स्थानकातील त्या वेळची गर्दीही हिशेबात धरावी. बिलाचेही तसेच आहे. आमच्या शिष्यवृत्तीच्या आकस्मिक निधीतून खर्च परत मिळवायचा तर क्रमांक आणि शिक्का असलेले बिल लागते, आणि इथे वहीच्या कागदावर आकडा लिहून देण्याची पद्धत आहे. शिक्क्याचे बिल मागितले की मिळते, पण मला त्यासाठी तीनदा जावे लागले. तेव्हा पैसे देण्यापूर्वीच मागावे.

अहवाल वेळेत सादर झाला. पाचव्या प्रतीत चौसष्टावे पान उलटे लागले होते, म्हणून ती दुरुस्तीसाठी अजून दुकानातच आहे. तपासलेले पेपर विभागात द्यायला सोमवारी कलिन्याला जाईन तेव्हा आणीन. काकांनी अकराला बोलावले आहे, मी दीडला जाणार आहे.