परतीचं भाडं आणि मोबाईल : तेरा महिन्यांचा हिशेब

आमच्या तीन गाड्या. दोन दहाचाकी, एक सहाचाकी. सहाचाकी आता थकली आहे, तिला पुण्याच्या पुढं पाठवत नाही. एका दहाचाकीवर आमचे हे स्वतः असतात, दुसरीवर बारा वर्षांपासूनचा ड्रायव्हर. फोन, बिल्टी (मालाची पावती), डिझेलचा हिशेब आणि भांडणं माझ्याकडे. गेल्या गुळाच्या हंगामाच्या तोंडावर मी मोबाईलवरच्या एका भाडे-नेटवर्कची वर्षाची वर्गणी भरली. त्यात गाडीमालक, दलाल, ट्रान्सपोर्टवाले सगळे एकाच जागी असतात. कुणी माल लावतो, कुणी गाडी लावतो. नाव लिहीत नाही, कारण तक्रारीही लिहायच्या आहेत आणि अशी चार-पाच नेटवर्कं थोड्याफार फरकानं सारखीच आहेत.

आधी आमचं दुखणं काय होतं ते सांगते. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातून गूळ गुजरातला जातो, ही वाट पिढ्यांची आहे. जाताना भाडं मिळतंच. अडतं ते येताना. अहमदाबादला माल उतरला की गाडी अस्लालीला, म्हणजे शहराबाहेरच्या ट्रकअड्ड्यावर, लावायची आणि दलालाच्या ऑफिसाबाहेर बसायचं. दोन दिवस, कधी तीन. ड्रायव्हरचा भत्ता चालू, हप्ता चालू, गाडी बंद. रिकामी आणावी म्हटलं तर नऊशे किलोमीटरचं डिझेल आणि टोल मिळून पंचवीस हजार खिशातून जातात. म्हणून दलाल म्हणेल तो दर घ्यायचा. आमच्या यार्डातले दलाल अण्णा म्हणायचे, "वहिनी, बाजार पडलाय." बाजार पडलाय की नाही हे कळायला मला दुसरी खिडकीच नव्हती.

पहिल्या पंधरा दिवसांत एकही भाडं मिळालं नाही, पण ही खिडकी मात्र उघडली. आम्ही कोल्हापूर–अहमदाबाद टनाला २,२५० नं जात होतो. त्याच आठवड्यात त्याच वाटेवर नेटवर्कवर २,४५०, एका ठिकाणी २,५०० लावलेले दिसत होते. अठरा टनाला दोनशेचा फरक म्हणजे फेरीमागं ३,६००. मी भांडले नाही. फोन अण्णांच्या पुढ्यात ठेवला आणि चहा घेतला. ते बराच वेळ स्क्रीन वर-खाली करत राहिले, मग म्हणाले, "ह्यातले निम्मे खोटे असतात." ते खरंच होतं, पण पुढच्या फेरीला २,४०० मिळाले. वर्गणी तिथंच वसूल झाली.

निम्मे खोटे म्हणजे कसे, तेही सांगते. मोरबीहून कोल्हापूरला टाइल्सचा एक लोड असतो. तोच लोड नेटवर्कवर चौदा जणांनी चौदा दरांनी लावलेला असतो. मूळ माल एकाकडे. बाकीचे तेरा जण आधी गाडी हाताशी धरणार आणि मग त्या एकाला फोन करणार. वर 'ताजा' अशी हिरवी पट्टी. फोन केला की "बहेनजी, वो तो सुबह भर गया, लेकिन राजकोट से है." आणि हो, सुरुवातीला दहातले सहा जण माझा आवाज ऐकून "भाईसाब को फोन दो" म्हणायचे. भाईसाब तेव्हा किणी टोलनाक्यावर रांगेत असायचे. आता मी आधी विचारते, माल कोणत्या कारखान्यातून, काटा, म्हणजे वजन, कुठला धरणार. तेवढ्यानं समोरचा सरळ बोलायला लागतो.

पुढचे चार प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेत, कारण नेटवर्कच्या पाटीवर फक्त 'कुठून, कुठे, किती टन, किती चाकं' एवढंच असतं. काटा भरतानाचा की उतरतानाचा. वाराई, म्हणजे माल चढवायची-उतरवायची हमाली, कुणाकडं. गाडी उभी राहिली तर किती तासांनी हॉल्टिंग, म्हणजे थांबण्याचे पैसे, सुरू. पोच, म्हणजे माल मिळाल्याची सही, कागदी लागणार की फोटो चालेल. टाइल्सला पाचवा प्रश्न, फुटलेल्या पेट्या कुणाच्या नावावर. टाइल्सच्या पेट्या उभ्या रचतात. एका खड्ड्यात आडव्या झाल्या की उतरवताना दुकानदार एकेक पेटी हलवून कानाला लावतो आणि खुळखुळ आली की बाजूला ठेवतो. आमच्या तिसऱ्या फेरीत अकरा पेट्या बाजूला गेल्या. त्या भाड्यातून कापल्या, कारण मी विचारलं नव्हतं. वाराईचं तर विचारूच नका. 'जिसका माल उसका हमाल' ही घोषणा आम्ही गाडीवाले किती वर्षं देतोय, पण लावणीचे पैसे शेवटी ड्रायव्हरच्याच खिशातून जातात. नेटवर्कनं ह्यासाठी एक रकाना ठेवला असता तर अर्धी भांडणं मिटली असती. मी दोनदा लिहून कळवलं. "आपली सूचना मोलाची आहे" असं उत्तर आलं.

दुसरी गोष्ट टनाची. २०१८ मध्ये वजनाची मर्यादा वाढली, तेव्हापासून दहाचाकीचं मालासकट वजन २८.५ टन चालतं. आमची रिकामी गाडी वजा केली की एकोणीस टन माल, फार ओढून. नेटवर्कवर दहाचाकीला चोवीस-पंचवीस टनांचे लोड सर्रास लावलेले असतात. दर टनावर, त्यामुळं आकडा मोठा दिसतो आणि नवीन माणूस भुलतो. पकडलं तर मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे दंड २०,००० आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००. तो गाडीवाल्यानं भरायचा, लोड लावणारा फोन उचलत नाही. गाडीची चाकं आणि टन दोन्ही त्यांच्याच पाटीवर लिहिलेले असतात. अशी पाटी आपोआप अडवणं काही अवघड नसावं.

आता ज्यामुळं माझी झोप उडाली ते. सातव्या महिन्यात दुपारी फोन आला, वापीकडून. "आपकी गाडी माल लेके निकली, तीन दिन हो गये, कहां है?" मी म्हटलं, कोणती गाडी? त्यानं नंबर सांगितला. आमचाच. गाडी त्या वेळी इथंच कोल्हापुरात, उद्यमनगरात गॅरेजला होती, गिअरबॉक्स काढून जमिनीवर ठेवलेला. मी तिथं जाऊन डोळ्यांनी बघून आले, तरी पाय लटपटत होते. झालं असं की एका भाड्यासाठी नेटवर्कच्या चॅटमध्ये मी आरसी बुकाचा आणि विम्याचा फोटो पाठवला होता. ते भाडं फिसकटलं. तो फोटो वापरून, दुसऱ्याच गाडीला आमच्या नंबरची पाटी लावून कुणीतरी कापडाचा माल उचलला होता. वापीचा माणूस ऐकायला तयार नव्हता. शेवटी फास्टॅगचं स्टेटमेंट काढून पाठवलं : सहा दिवसांत एकाही नाक्यावर पैसे कटलेले नाहीत. कोल्हापुरातून वापीला जायचं म्हणजे किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर हे चार नाके तर पुण्याच्या अलीकडेच आहेत. तेव्हा कुठं त्याचा आवाज खाली आला. मी पोलीस ठाण्यात अर्ज देऊन पोच घेऊन ठेवली. नेटवर्कवाल्यांनी तो नंबर बंद केला आणि कळवलं की कागदपत्रं पाठवणं ही सभासदाची स्वतःची जबाबदारी आहे.

तेव्हापासून आरसीच्या फोटोवर मी आडवं, ठळक लिहिते : अमुक तारीख, मोरबी ते कोल्हापूर, अमुक ट्रान्सपोर्टसाठीच. मोबाईलवर दोन मिनिटांचं काम आहे. हे वाचून तुम्ही दुसरं काही केलं नाहीत तरी एवढं करा.

चांदण्यांवर, म्हणजे त्या रेटिंगवर, माझा आता विश्वास नाही. ४.६ चांदण्यांच्या, निळ्या खुणेच्या एका दलालानं आमचे ६,२०० रुपये ७४ दिवस दाबून ठेवले. पद्धत तुम्हाला ठाऊक असेल : गाडी भरली की ऐंशी-नव्वद टक्के अ‍ॅडव्हान्स, उरलेली बाकी पोच मिळाल्यावर. अ‍ॅडव्हान्स वेळेवर येतो, म्हणून चांदण्या त्याच दिवशी दिल्या जातात. उरलेली बाकी मिळायच्या वेळी चांदण्या विचारायला कुणी येत नाही. आधी म्हणाला पोच मिळाली नाही. कुरिअरची पावती पाठवली. मग म्हणाला टीडीएस कापलाय. दहा किंवा कमी गाड्या असलेल्या मालकानं पॅन देऊन तसं लेखी दिलं तर टीडीएस कापायचा नसतो, आणि ते पत्र मी माल भरतानाच दिलं होतं. मग फोन उचलायचा बंद झाला. नेटवर्कचं म्हणणं, आम्ही फक्त भेट घडवतो, पैशाचा व्यवहार तुमचा तुमच्यात.

आमची उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंद, आहे. छोट्या उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात लेखी करार नसेल तर १५ दिवस, असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे असं आहे, आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. मी फॉर्म उघडून बसले होते. तेवढ्यात मोरबीतल्याच एका दुसऱ्या दलालाचा फोन आला. ह्याच नेटवर्कवर ओळख झालेली, आमच्या पाच-सहा फेऱ्या त्यानं भरलेल्या. बोलता बोलता मी सांगितलं. तो म्हणाला, "बेन, वो मेरी गली में बैठता है. शाम तक रुको." संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ६,२०० जमा झाले. ४.६ वाल्याचा मेसेजही आला, सॉरी आणि हात जोडलेले.

त्या रात्री वही काढून बसले आणि मोजलं. तेरा महिन्यांत नेटवर्कवरून मिळालेल्या फेऱ्या ३१. त्यातल्या २२ फक्त पाच जणांकडून. म्हणजे हजारो सभासदांच्या त्या गर्दीतून मला खऱ्या अर्थानं मिळाली ती पाच माणसं : मोरबीत दोन, अस्लालीत एक, अंकलेश्वरला एक आणि पाचवा आपल्याच इचलकरंजीचा, तोही तीन गाड्यांचा मालक. त्याची नि माझी गाडी एकाच वेळी अहमदाबादला असली की ज्याला लोड मिळतो तो दुसऱ्याला कळवतो. आता ह्या पाच जणांना मी नेटवर्कमधून फोन करतच नाही, नंबर पाठ आहेत. नेटवर्कला हे आवडत नसणार. पण ही माणसं मला त्याच्याशिवाय भेटली नसती, हेही कबूल करायला हवं. अस्लालीतला मुक्काम सरासरी अडीच दिवसांवरून दीडवर आलाय. जाहिरातीत 'दोन तासांत भाडं' लिहिलंय. तसं आमच्या बाबतीत दोनदाच झालं आणि त्यातला एक लोड चौदा टाळक्यांचा निघाला.

गाडी कुठं आहे हे दाखवायची सोय त्यांनी बरीच वाजतगाजत आणलीय. ड्रायव्हरच्या सिमवरून. आमच्या ड्रायव्हरनं एकदा परवानगी दिली आणि पुढचा महिनाभर त्याला अनोळखी लोक भाडं विचारत होते. बंद केली. मला फास्टॅगचा मेसेज पुरतो. खेड शिवापूरचा मेसेज आला की मी डाळ भिजत घालते, आनेवाडीचा आला की गॅस पेटवते असं नाही, पण तासवडेला हे जेवायला घरी येणार की नाही ते कळतं.

ह्यांना एकदा हे सगळं सांगत होते तर म्हणाले, मोबाईल यायच्या आधी लोक काय करत होते? मग मी शोधलं. अमेरिकेत हा धंदा १९७८ पासून आहे. पोर्टलंड गावातल्या एका ट्रकथांब्यावर 'डायल-अ-ट्रक' नावानं पडद्यावर लोड दाखवायला लागले, ड्रायव्हर चहा-कॉफी घेत वर बघायचे. पुढं त्याचीच मोठी कंपनी झाली. ह्यांचं उत्तर : "म्हणजे आपल्या अस्लालीच्या टपरीवरचा फळाच की."

वर्गणी संपत आली होती. नूतनीकरणाला वर्षाचे पैसे मागत होते, फोनवर घासाघीस करून मी सहा महिन्यांचेच भरले. एकच गाडी असेल आणि ठरलेल्या कारखान्याचं काम असेल तर ह्या फंदात पडू नका. परतीला गाडी उभी राहत असेल तर एक हंगाम घेऊन बघा, मात्र फोनवर बसणारं घरात कुणीतरी हवं. गाडी चालवता चालवता हे जमत नाही, आणि जमवूही नये.

परवा यार्डातून अण्णांचा फोन आला. त्यांच्या एका पार्टीचा माल राजकोटला अडकला होता, गाडी मिळत नव्हती. "वहिनी, तुमच्या त्या मोबाईलात बघा की जरा." मोबाईलात बघितलं नाही. इचलकरंजीवाल्याला फोन लावला, त्याची गाडी राजकोटलाच रिकामी होत होती. नऊ मिनिटांत काम झालं. अण्णांकडून दलाली घेतली नाही. पुढच्या वेळी घेणार आहे.